मायचा धुण्याचा दगड

जुन्या कालव्याच्या काठाला आमची वस्ती होती. आता नाही. कालवा पाझरायचा. आधी त्याच पाण्यासाठी लोक तिथं राहायला आले, मग त्याच पाण्यानं जमीन चिबड झाली, भिंतींना ओल चढली, घरं बसली. एकेक करून सगळे वालूरला गेले. शेवटी आम्ही. त्या वस्तीतला पहिला पदवीधर मी. कुणी विचारलं नाही तरी सांगतो.

प्रत्येक घराचा कालव्यावर धुण्याचा दगड ठरलेला असे. नव्या सुनेला सासू चूल दाखवायची, तसाच दगडही. दुसरीच्या दगडावर विचारल्याशिवाय कुणी कपडा टेकवत नसे. निघताना गाडीत पत्रे, कणग्या, शेरडं सगळं बसलं. मायचा दगड तेवढा राहिला.

यंदा मी वालूरला पक्कं घर बांधलं. मोरीत महागाची फरशी घातली. माय म्हणाली, "घसरडी हाय ही. माझा दगड आणून दे, दुसरं काई मागत न्हाई."

तिला घेऊन टेम्पोनं गेलो. वस्तीच्या जागेला तारेचं कुंपण, आत पत्र्याचं देऊळ. सडके नारळ, गुटख्याच्या पुड्या, घोंगावणाऱ्या माशा. मी नाकाला रुमाल लावला. देवळात शेंदूर फासलेला गुळगुळीत दगड. मायनं वाकून त्याच्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं. तिथला टवका आजीच्या हातून उडालेला.

"ह्योच," ती म्हणाली.

कुंपण घालणारा पुढारी खुर्चीतून ओरडला, "मावशी, चप्पल काढा! सोयंभू देव हाय. कसा गुळगुळीत हाय बघा."

"माझ्या हातानं झालाय गुळगुळीत. ह्या पोराची गुवामुताची दुपटी धुतली म्या ह्याच्यावर."

"देवाला असं बोलायलाव?"

मी म्हणालो, "जागेवर देव बसलाय का तुमी?"

"लय शिकलेले दिसायलेत," तो दात काढत म्हणाला.

मी दगडाला हात घातला. टेम्पोवाला मदतीला येईना. चपला काढून, हात जोडून बाहेरच उभा. तेवढ्यात मायनंच माझा हात धरला.

"राहू दे लेका. शेंदूर लागला त्याला. आता ह्याच्यावर लुगडं कसं आपटू?"

आणि बोटाला लागलेला शेंदूर तिनं कपाळाला लावला. मी माझ्या हाताचा शेंदूर रुमालाला पुसला.

पुढारी खूश झाला. त्यानं माझ्या तळहातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. त्याला आंबूस वास येत होता. मी तो त्याच्यादेखत आता कोरड्या पडलेल्या कालव्यात फेकला.