पेढ्यांची तुला

नागपुरात आज एखादा माणूस उपाशी असेल, तर त्याला एकच कारण संभवतं : त्याची आणि आमच्या साडभाऊंची अजून गाठ पडलेली नाही. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. पुण्यामुंबईकडे या नात्याला साडू म्हणतात, पण तेवढ्याशा शब्दात आमचा माणूस मावत नाही. कळमन्याच्या बाजारात त्यांची संत्र्यामोसंब्यांची अडत आहे, मिशी घसघशीत आहे आणि आवाज लिलावात कमावलेला असल्यामुळे ते कानात सांगायला आले तरी शेजारचे वळून बघतात. लोक भेटल्यावर नमस्कार म्हणतात, साडभाऊ विचारतात, "काय खाल्लं?" या प्रश्नाला सुरक्षित उत्तर नाही. "काही नाही" म्हणालात तर ताट येतं, "आत्ताच जेवलो" म्हणालात तर "मंग गोड खा" म्हणून वाटी येते. विजेचं मीटर बघायला आलेल्या माणसाला त्यांनी एकदा तर्री-पोह्यांच्या दोन प्लेटा खाऊ घातल्या. तो बिचारा आकडा लिहून घ्यायचाच विसरला. दुसऱ्या दिवशी परत आला तर घरात पाटोडीचा रस्सा शिजत होता. तिसऱ्या दिवशी तो काही काम नसताना आला, आणि साडभाऊंना त्यात काहीच वावगं वाटलं नाही. माझ्या एका सहकाऱ्याला कावीळ झाली तेव्हा त्याला बघायला जाताना यांनी कोथिंबीर गच्च भरलेल्या तळीव सांबारवड्यांचा डबा बरोबर घेतला. मी हात जोडले, तर म्हणाले, "त्याच्यासाठी नाई हो मास्तर, त्याच्याजवळ बसणाऱ्यायसाठी. थे का कावीळवाले आहेत?"

मी गणिताचा मास्तर, अंगानं काटकुळा. माझा हा बारीकपणा साडभाऊंनी पहिल्या दिवसापासून स्वतःचा अपमान समजून मनाला लावून घेतला आहे. लग्नाच्या मांडवात मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांनी आमच्या सासऱ्यांना सगळ्यांदेखत विचारलं होतं, "मामाजी, जवाई पूर्ण आला का बाकीचा मागून येऊन राह्यला?" पण त्यांचा राग धरता येत नाही, कारण दुसऱ्याच क्षणी तुमच्या पानात जिलेबी पडलेली असते. शिवाय माणूस आपल्या धंद्यात एक्का. संत्र्यांचा ढीग नुसता पाहून ते वजन सांगतात. मागून काट्यावर घालून बघा, फरक पडला तर काट्याचा. हीच नजर ते लेकरांवरही चालवत. कुणाचंही मूल दिसलं की काखेत हात घालून उचलायचं, दोनदा वरखाली करायचं आणि आकडा जाहीर करायचा. आकडा कमी निघाला तर त्या आईची धडगत नसे. "काहून वं माय, लेकराले वास देऊन ठेवतं का नुसता?" आमच्या कॉलनीतल्या बायका त्यांची गाडी वळताना दिसली की मुलांना आत बोलावून घेत.

हे सगळं खूळ आलं कुठून, ते सांगितल्याशिवाय साडभाऊ कळायचे नाहीत. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर त्यांना मुलगी झाली, तीही दिवस भरायच्या आत. पिहू जन्मली तेव्हा दोन किलोंची पण नव्हती. काचेच्या पेटीत ठेवलेला तो जीव मी पाहिला आहे, आणि पेटीपाशी उभे असलेले साडभाऊही पाहिले आहेत. ज्या हातांनी क्विंटलांचे अंदाज केले ते हात त्यांनी पाठीमागे बांधून घेतले होते. त्या वेळी तिथल्या डॉक्टरांनी त्यांना एकच वाक्य सांगितलं : हिचं वजन वाढायला हवं. साडभाऊंनी ते वाक्य पदरात बांधलं. तिथूनच ते टेकडीच्या गणपतीला गेले आणि नवस बोलून आले की पोरगी तगली, अंगानं भरली, तर दर वाढदिवसाला तिची पेढ्यांनी तुला करीन. पोरगी तगली, अंगानंही भरली. पण 'वाढवा' म्हणणारे डॉक्टर पुढे 'आता थांबा' सांगायला भेटलेच नाहीत, आणि साडभाऊ काही सांगितलेलं काम अर्ध्यावर सोडणारे नव्हेत.

मग काय विचारता! पिहू रडली की संत्रा बर्फी, हसली की संत्रा बर्फी. पेपर सोपा गेला म्हणून कचोरी आणि अवघड गेला म्हणून दोन कचोऱ्या. रविवारी सकाळी बापलेक स्कूटरवरून निघत, ते समोसा एकीकडे, आलूबोंडा दुसरीकडे, जिलेबी तिसरीकडे असं करत करत शहराला वळसा घालून येत. प्रत्येक पदार्थाचं दुकान वेगळं, आणि त्याबाबतीत तडजोड नाही. वरण-भातावरचं तूप चमच्यानं वाढतात हे साडभाऊंना ऐकूनच माहीत. ताई, म्हणजे माझी मेहुणी, कधीमधी "आता पुरे" म्हणायची. त्यावर उत्तर ठरलेलं : "खात्यापित्या घरची पोट्टी आहे वं!" पिहूनं स्वतःच पोट भरलं म्हटलं, तर हा गृहस्थ घाबरून तिची दृष्ट काढायला मीठमोहऱ्या शोधायचा.

आणि दर हिवाळ्यात ती तुला! त्या दिवशी अडतीत काय धामधूम असायची म्हणून सांगू! इलेक्ट्रॉनिक काटे आले तरी साडभाऊंनी आजोबांच्या वेळचा मोठा तराजू छताच्या कडीला टांगून ठेवला आहे. दसऱ्याला त्याची पूजा होते आणि वाढदिवसाला त्याच्या एका पारड्यात पिहू बसते. गादीवर चादर, चादरीवर पिहू, समोरच्या पारड्यात पेढ्यांचे पुडे. हमाल, शेतकरी, व्यापारी, आम्ही सगळे सगेसोयरे गोल करून उभे. पारडी समोरासमोर आली की साडभाऊ लिलावाच्या आवाजात आकडा पुकारत आणि "गेल्या सालापेक्षा जास्त!" असं म्हणाले की टाळ्या. मग तेच पेढे सगळ्या बाजारात वाटले जात. मीही टाळ्या वाजवल्या आहेत. गणिताचा मास्तर असून, दर वर्षी चढत जाणारा तो आकडा ऐकून मी फक्त पेढा घेतला, हे इथं कबूल करतो.

दहाव्या वाढदिवसाला मात्र पेढे संपले. सगळे पुडे चढवले तरी पिहूचं पारडं जमिनीवरून हलेना. साडभाऊंच्या आनंदाला तर पारावार राहिला नाही! "अरे बर्फी आणा! सोनपापडी आणा!" माणसं दुकानांकडे धावली. तेवढा वेळ पिहू मांडी घालून खाली मान घालून बसली होती. तिच्या शाळेतल्या मैत्रिणी आल्या होत्या, त्यांतली एक दुसरीच्या कानात काही बोलली आणि दोघी हसल्या. ते मी पाहिलं, ताईनं पाहिलं, पिहूनं तर पाहिलंच. शेवटी साखरेची गोणी लावली तेव्हा पारडं उचललं. टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. पिहू खाली उतरली, फ्रॉक नीट केला आणि आईच्या मागे जाऊन उभी राहिली. त्या दिवशी तिनं पेढा खाल्ला नाही. साडभाऊंनी पुन्हा दृष्ट काढली.

महिन्याभरात शाळेत खेळांचे सामने झाले. धावताना पिहू मध्येच थांबली, गुडघ्यांवर हात ठेवून उभी राहिली, आणि शिक्षिकेनं तिला सावलीत आणून बसवलं. घरी येऊन म्हणाली, "बाबा, माझा दम नाही पुरत." एवढ्या एका वाक्यानं साडभाऊंचा रंग उडाला. लगोलग लेकरांच्या डॉक्टरीण बाईंकडे नेलं. मलाही ओढून नेलं, कारण आकडे आले की त्यांना मास्तर लागतो. बाईंनी तपासलं, रक्ताचे कागद पाहिले, पिहूला बाहेर खेळायला पाठवलं आणि विचारलं, "घरात सामान कोण आणतं?"

"मीच आणतो."

"बाहेर खायला कोण नेतं?"

"मीच. दुसरं कोण नेईन?"

"पानात वाढतं कोण?"

साडभाऊंनी या वेळी नुसती मान हलवली. बाई म्हणाल्या, "मग हिला मी काय सांगू? दहा वर्षांची आहे ती. तुम्ही आणता ते खाते. आत्ता सावध झालात तर ठीक आहे; नाहीतर साखरेचा आजार हिच्या दारात यायला वेळ लागणार नाही. औषध तिला नाही, तुम्हाला आहे."

  गाडीत बसल्यावर साडभाऊ एकदम म्हणाले, "मास्तर, पेटीतून बाहेर काढली मीनं तिले. अन् मीच..." 

पण साडभाऊच ते! दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला आमच्या तिसऱ्या मजल्यावर धापा टाकत हजर. पायांत पांढरे शुभ्र बूट, गळ्यात शिट्टी. "चला अंबाझरीच्या तलावावर! आजपासून सारं खानदान चालणार!" मी म्हटलं, माझं वजन मुळातच नाही. तर म्हणाले, "तुमी हवा खायले चाला." एका आठवड्यात त्यांच्या घरी दोन सायकली आल्या, दोरीवरच्या उड्यांच्या पाच दोऱ्या आल्या, आणि बाजारातून भोपळ्यांचं अख्खं पोतं आलं. किरकोळ घेणं त्यांना जमतच नाही. "काय खाल्लं?" हा प्रश्न कायम राहिला, पण आता खाल्लेलं सांगितलं की ते कपाळाला हात लावत. मीटरवाल्याला त्यांनी ताकाचा पेला आणि काकडी दिली. तो पुन्हा कामापुरताच यायला लागला. अडतीत येणाऱ्या नरखेडच्या शेतकऱ्यांना हे गृहस्थ तेल किती घातक यावर भाषण देत, आणि संत्र्यांचा भाव ऐकायला आलेले ते बापडे शांतपणे ऐकून घेत.

पिहूचे मात्र हाल. तिच्या ताटात मोड आलेले मूग, गाजर, उकडलेला भोपळा. ती मुकाट्यानं खायची. आणि एका दुपारी शाळा लवकर सुटली म्हणून ती ताईबरोबर अडतीत गेली, तर मागच्या बाजूला क्रेटच्या थप्पीआड तिचे वडील उभे, हातात दोन कचोऱ्या, मिशीला चटणी! साडभाऊंनी मला पुढे हे स्वतः सांगितलं, लपवलं नाही. पिहू ओरडली नाही, रडलीही नाही. तिनं एवढंच विचारलं, "बाबा, मले काकडी अन् तुमाले कचोरी काहून?"

 साडभाऊंनी हातातल्या कचोऱ्या गाईला घातल्या, तिथंच नळावर मिशी धुतली, आणि त्या दिवसापासून दोघांच्या ताटात एकच पदार्थ पडतो. मग भोपळाही रोज उकडलेला राहिला नाही, कारण तो आता साडभाऊंनाही गिळावा लागत होता! ज्वारीची भाकर, वांग्याचं भरीत, पालक घातलेलं पातळ वरण, मूठभर फुटाणे, आणि घरचीच संत्री. संत्री अडतीत ढिगानं असताना आपण लेकीला त्यांची बर्फी का चारत होतो, याचं त्यांना आता राहून राहून नवल वाटतं. महिन्यातून एकदा मात्र दोघं जिलेबी खायला जातात. एकाच दुकानात, आणि चालत.

वर्ष सरत आलं तसे साडभाऊ पुन्हा काळवंडले. अकरावा वाढदिवस जवळ येत होता, आणि पिहूनं सांगून टाकलं होतं, "मी तराजूत नाही बसणार. कधीच नाही." इकडे देवापुढे बोललेला नवस! माझ्यासमोर बसून हा आडदांड माणूस अगदी बारीक आवाजात म्हणाला, "मास्तर, मोडला अन् पोरीले काही झालं तं? अन् जबरदस्तीनं बसवली तं थे मले कधी माफ करणार नाही." मला गणित येतं, यातलं काही येत नाही. पण ताई तिथंच मेथी निवडत बसली होती. तिनं मान वर केली आणि शांतपणे म्हणाली, "नवस तिनं बोलला का? तुमी बोलले. ज्यानं बोलला त्यानं बसावं."

आणि बसले की हो! गेल्या हिवाळ्यात, त्याच तराजूत, त्याच चादरीवर, साडभाऊ मांडी घालून बसले. समोरच्या पारड्यात पेढे नव्हते. पिहू स्वतः निवडून एकेक संत्रं ठेवत होती, मैत्रिणी टोपल्या आणून देत होत्या, तीच ती कानात बोलणारी सगळ्यांत पुढे. अख्खा बाजार लोटला होता! कडी करकरली, हमालांनी आरोळी ठोकली, साडभाऊ जमिनीवरून उचलले गेले आणि दोन्ही हातांनी साखळ्या धरून भेदरल्यासारखे सगळ्यांकडे बघू लागले. "पोरी, हळू वं! बापा, पडन ना मी!" पिहू इतकी हसली, इतकी हसली, की तिला खाली बसावं लागलं. दहा वर्षं ती त्या पारड्यात बसून काय काय बघत होती, ते त्या दिवशी साडभाऊंना वरून दिसलं असावं. कारण उतरले तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते, आणि आकडा पुकारायचा ते विसरून गेले.

संत्री वाटून झाली. गर्दी पांगली. पिहू शेवटची टोपली रिकामी करून आली तेव्हा साडभाऊंनी सवयीनं तिच्या काखेत हात घातले आणि तिला उचललं. मीही सवयीनंच विचारलं, "किती भरली?" नजर तीच, हात तेच, त्यांना आकडा कळला नसेल असं होणं शक्य नाही. पण त्यांनी तिला नेहमीसारखं वरखाली केलं नाही. नुसतं धरून ठेवलं. मग म्हणाले, "लेकरू आहे गा मास्तर. मालाचं सांगा लागते वजन." पिहू अलीकडे आमचे तिन्ही जिने न थांबता चढते, मला तेवढा आकडा पुरतो. ती आता अकरा वर्षांची झाली होती; "बाबा, सोडा ना, सगळे बघून राह्यले," असं ती पुटपुटली, आणि तरीही साडभाऊंनी तिला खाली ठेवायला जरा वेळच लावला. पुढच्या हिवाळ्यात ती उचलू देईल की नाही, कोणास ठाऊक.