संबंध नसलेले चार शब्द

"एकमेकांशी काहीही संबंध नसलेले चार शब्द सांग," असं मी म्हटलं तेव्हा आत्या माझ्याकडे बघतच राहिली.

कुरखेड्याला तिच्या घरी मी माझा जुना कॉम्प्युटर दिला होता. तो फार रेंगाळायचा म्हणून त्यात लिनक्स टाकलं, आणि सुरू होतानाच मागेल असा एक लांबलचक पासवर्ड लावायचं ठरवलं. चार भलतेच शब्द ओळीनं लिहिले की कुणाला ओळखता येत नाहीत, हे माझं ज्ञान. आत्याला ते पटेना.

"कोनाचा कोनाशी संबंध नाई, असं गावात काय रायते वो?"

तरी थोडा विचार करून तिनं चार शब्द दिले. एकाचा दुसऱ्याशी ताळमेळ नव्हता, त्यामुळे मी खूश. "पण हा विसरलीस तर मीसुद्धा उघडू शकणार नाही हं," मी बजावलं.

"मंग तू कायची इंजिनियर?"

पुढे आत्यानं त्या कॉम्प्युटरवर एकच उद्योग केला. ती आणि शेजारच्या बाई मिळून भाताच्या रोवणीची गाणी म्हणायच्या, ती सगळी तिनं रेकॉर्ड करून ठेवली. मग बाईंच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. त्या दवाखान्यातून घरी आल्या तेव्हा मी कुरखेड्यातच होते. आल्या आल्या त्यांनी खुणेनं मागितलं ते एकच, आपली गाणी.

आत्या मोठ्या ऐटीत कॉम्प्युटरपुढे बसली आणि अडकली. दवाखान्याच्या धावपळीत तिनं कित्येक आठवडे तो उघडलाच नव्हता.

"छत्री, माकड, मंग कायतरी, मंग लसूण. तिसरा नाई आठवून राह्यला वो!"

विळा घातला, आंबा घातला, नणंद घातली. काही केल्या उघडेना. गाण्यांची दुसरी प्रत कुठेच नव्हती. बाई हात मांडीवर ठेवून पडद्याकडे बघत बसलेल्या. मला रडू यायला लागलं आणि त्याहून जास्त राग. पण आता एक कुतूहलही छळायला लागलं होतं.

"हेच शब्द का सुचले गं तुला?"

आत्या ओशाळून हसली. "रोवणीले जाताना आमची छत्री माकडानं पळवली होती ना! अन् शिदोरीतली लसनाची चटनी खाल्ली, मंग असं नाचलं, असं नाचलं..."

म्हणजे संबंध होता! मी कपाळाला हात लावला. तेवढ्यात बाई उठल्या, दारापाशी गेल्या, पायरीवरची आपली चप्पल उचलली आणि माझ्या दिशेनं उगारली. क्षणभर वाटलं, आज प्रसाद मलाच मिळणार.

"चप्पल!" आत्या ओरडली. "हिनंच त्याले फेकून मारली होती. झाडातच अडकली, अन् एका चपलेनं घरी आली बिचारी!"

कॉम्प्युटर उघडला. (पासवर्ड आता बदललाय, म्हणून बिनधास्त सांगते.)

आत्यानं पहिलंच गाणं लावलं. दुसऱ्या ओळीवर दोघींना कशाचं तरी हसू फुटलं होतं, तेही त्यात आलेलं. ते ऐकून बाईही हसायला लागल्या. तोंड उघडं, खांदे गदगदताहेत, हातात चप्पल तशीच. त्यांच्या हसण्याचा आवाज तेवढा कॉम्प्युटरमधून येत होता.