पाण्यात हात घालण्याआधी

"धर ताई," ती म्हणायची आणि हातातल्या बांगड्या काढून माझ्या ओंजळीत टाकायची. आधी काचेच्या हिरव्या, मग पाटल्या, मग बोटातली अंगठी. मग हात नुसत्या पाण्याने कोपरापर्यंत धुवायची आणि काचेच्या पेटीतल्या खारट पाण्यात घालायची. तिचं काम होईपर्यंत मी ओंजळ तशीच धरून उभी. टेबलावर ठेवल्या असत्या तरी चाललं असतं. पण तिने हातात दिल्या, म्हणून मी हातातच धरायचे.

कॉलनीत आता तिची गोष्ट हसत हसत सांगतात. बायकांच्या भिशीत चहा घेता घेता कुणीतरी काढतंच, "दगडापायी नवरा सोडला न त्या बाईनं." मी तिथेच आत कप विसळत असते. मला चार माणसांत बोलता येत नाही, लहानपणापासून आवाजच निघत नाही. चौथीनंतर शाळा सुटली, पण लिहिता येतं. म्हणून लिहून ठेवते. तुम्हीही अशी एखादी बाई पाहिली असेल, जिच्यावर सगळे हसतात आणि का हसतात ते कुणालाच धड सांगता येत नाही.

ती ब्रह्मपुरीकडच्या धानाच्या गावची. लग्न होऊन भद्रावतीला या कॉलनीत आली, आणि मी तिच्याकडे कामाला लागले. पहिल्या दिवशी मी मॅडम म्हटलं तर म्हणाली, "मॅडम नोको म्हनू बापा. चिखलात रोवना केलेली पोरगी हाये मी." तेव्हापासून ती बाई आणि मी ताई, कारण मी थोडी मोठी.

तिचा नवरा म्हणजे साहेब, नागपूरचे. एके दिवशी त्यांनी बैठकीत दिवाणाएवढी लांब काचेची पेटी आणून ठेवली. आत मिठाचं पाणी, दगड, दोन नारिंगी मासे, वरून निळा दिवा. आणि मधल्या मोठ्या दगडावर ते. साहेब म्हणाले, हे कोरल, म्हणजे जिवंत पोवळं. पाहुणे आले की ट्यूबलाइट बंद करायचे, निळा दिवा लावायचे आणि म्हणायचे, "समुद्र आणून ठेवला घरात." समुद्र बाईने पाहिला नव्हता आणि मीही नाही.

पोवळं मला अंगठीतलं माहीत, लाल. हे बदामी रंगाचं, मऊ, देठावर छत्री असल्यासारखं. बाईने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसलीच. "पाय न ताई, हे तर सात्यावानी दिसते." सात्या म्हणजे आमच्याकडे श्रावणात वारुळावर उगवणाऱ्या अळिंब्या. दिवसा त्या छत्रीवर बारीक बारीक बोटं बाहेर यायची आणि पाण्याबरोबर डुलायची. शेजारच्या काकूंनी विचारलं, याची भाजी होते का? बाई म्हणाली, "करून पाहा न काकू. आधी तुमच्या मालकाले वाढा, मग आमाले सांगा."

साहेबांचा उत्साह पावसाळाभर टिकला. मग काच पुसणं, पाणी बदलणं, मीठ मोजून कालवणं, आटलेलं पाणी भरणं, सगळं बाईकडे आलं. अडलं की ती नागपूरच्या दुकानवाल्याला फोन करायची, जिथून ही पेटी आणली होती. म्हातारा माणूस होता, तिला बेटा म्हणायचा. ती त्याला काकाजी म्हणायची. तिने सगळं त्याच्याकडूनच शिकून घेतलं. धान रोवणाऱ्या बाईला पाण्याची सवय असतेच.

मग उन्हाळा आला. इथला उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. वीज गेली की बाई फ्रीजरमधल्या बर्फाच्या बाटल्या पेटीत तरंगत ठेवायची आणि स्वतः पदराने वारा घेत बसायची. पाणी थंड राहिलं. तरी पोवळ्याने बोटं आत ओढून घेतली. छत्री एका बाजूला कलली, कडेला काळी पडली. जवळ गेलं की सडका वास यायचा.

साहेब म्हणाले, "मरेल तर मरेल. दुसरं आणू."

"दुसरं आनाल," बाई म्हणाली. "पन हे मरून राह्यलं न."

तिने काकाजीला फोन लावला. फोनचा आवाज मोठा केला होता, म्हणून मीही ऐकलं. त्याने पाणी, मीठ, दिवा सगळं विचारलं. शेवटी म्हणाला, "बेटा, तांबं तर नाही न गेलं पाण्यात? तांबा इसके लिए जहर है."

संध्याकाळी मी पोळ्या लाटत होते. बाईने साहेबांना विचारलं, "अहो, पेटीत कदी तांब्याचं काई पडलं काय?"

त्यांनी मोबाइलवरची नजर वर केली नाही. "नाही. तुझ्याच हातातलं काही असेल."

बाईने आपल्या हातांकडे पाहिलं. पाटल्या वरून सोनेरी, लग्नातल्या. "आतून तांबंच असते म्हनतात याच्यात," ती हळूच म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून ते "धर ताई" सुरू झालं. काचेच्या बांगड्यांचं काय बिघडणार होतं? पण तिला कशाचाच भरवसा राहिला नव्हता. वाकताना मंगळसूत्रही काढून माझ्याकडे द्यायची. एकदा हात पाण्यात असतानाच मला म्हणाली, "मीच मारून राह्यली ताई याले." साहेब तिथेच सोफ्यावर होते. त्यांनी ऐकलं. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे, म्हणून लिहिते. त्यांनी ऐकलं आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

काकूंना तिचे भुंडे हात दिसले तेव्हा त्यांनी दारातूनच टोमणा मारला. "काऊन वो, साहेब तर ड्युटीवर गेले न? मग हात असे काऊन?"

"बांगड्या काढल्यानं नवरा मरत नाई, काकू," बाई म्हणाली. "मरत असता तर या ताईचा कवाच गेला असता. रोज भांडे घासाले काढते ते."

मला हसू आवरेना. ओंजळीत बांगड्या, तोंडावर हात ठेवायचीही सोय नाही.

बांगड्या काढूनही पोवळं सुधारलं नाही. मग बाईने ठरवलं की मोठा दगड उचलून खालची वाळू स्वच्छ करायची. दगड तिने उचलला, मी बाजूने आधार दिला. खाली वाळूत एक पत्रा होता, तळहाताएवढा, हिरवा पडलेला. त्यावर घरं आखलेली आणि आकडे कोरलेले. मंदिरापुढच्या पूजेच्या दुकानात मी तसे पाहिले होते. तांब्याचं यंत्र. मंगळाचं.

 बाईने पत्रा जेवणाच्या टेबलावर ठेवला, साहेब जिथे बसतात तिथे. ते दुपारी जेवायला आले, बसले, त्यांनी पाहिलं. मग एखाद्या पंपाची माहिती सांगावी तसं सांगितलं. बढतीच्या आड मंगळ येतो. ज्योतिष्याने उपाय दिला होता. घरात खारं पाणी, त्यात जिवंत पोवळं, आणि बढतीचा उन्हाळा आला की त्याखाली यंत्र. आणि कुणाला सांगायचं नाही.

"मी इचारलं होतं तुमाले," बाई म्हणाली.

"सांगितलं असतं तर तू काढून टाकलं असतं."

"आन मी बांगड्या काढून राह्यली ते? ते दिसत नव्हतं तुमाले?"

"भात वाढ," साहेब म्हणाले.

तिने भात वाढला. मी स्वयंपाकघरात भांडी गोळा करत होते.  साहेब हात धुवायला आले तेव्हा पत्रा माझ्यापुढे ठेवून म्हणाले, चिंचेने घासून दे. मी सगळी भांडी घासली. पातेली, ताटं, कुकर, चहाची गाळणीसुद्धा. तो पत्रा सिंकमध्ये तसाच हिरवा ठेवून मी घरी गेले. मला तेवढंच जमलं. मग त्यांनी स्वतः घासला म्हणे. बाईने सांगितलं, सिंकपाशी काही घासत उभा राहिलेला नवरा तिने लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिला.

घासलेलं यंत्र त्यांनी देवघरात ठेवलं. बाईने पेटीतलं सारं पाणी बदललं, बादल्यांवर बादल्या. काही दिवसांनी मी कामावर पोचले तर ती दारातच उभी. मला ओढत पेटीपाशी नेलं. छत्रीच्या एका कडेला बोटं आली होती. थोडीशीच, पण आली होती. ती त्यांना हाताने दाखवत होती, आणि मला तिचा चेहरा पाहावा की ते पाहावं कळेना.

नंतरच्याच आठवड्यात एका सकाळी ती पेटीसमोर खाली बसलेली दिसली. बोटं पुन्हा आत गेली होती. दगडाखालून तांब्याची चकचकीत कड दिसत होती. बढतीचा निकाल लागायचा होता, म्हणून साहेबांनी यंत्र परत ठेवलं होतं. या वेळी लपवायचीही तसदी घेतली नव्हती.

मला वाटलं ती आता भांडेल. ती भांडली नाही. तिने काकाजीला फोन केला. तो म्हणाला, आता दगडांनीच तांबं पिऊन घेतलं असणार. "उस पेटी में नहीं बचेगा, बेटा. यहां ले आ."

"धर ताई," ती म्हणाली. नवीन ब्लेड घेऊन तिने पोवळ्याचा चांगला भाग कापून वेगळा केला, सडक्या बटाट्याचा बरा भाग काढतात तसा. घरभर वास सुटला. चिवड्याच्या प्लास्टिकच्या बरणीत ताजं खारं पाणी केलं, तुकडा त्यात सोडला, बरणीला ओला टॉवेल गुंडाळला. मग हात धुऊन बांगड्या घातल्या. पिशवीत दोन साड्या टाकल्या. मी त्या दोन साड्यांकडे पाहिलं, तिने मी पाहताना पाहिलं.

साहेबांना बढती मिळाली. त्यांनी कॉलनीभर पेढे वाटले. मलाही देत होते, मी म्हटलं उपास आहे. उपास नव्हता. त्या महिन्यातच मी त्यांच्याकडचं काम सोडलं. पेटी अजून तिथे आहे, कोरडी, तिच्यात वर्तमानपत्रांची रद्दी ठेवतात. आणि साहेब लोकांना सांगतात की बायकोचं डोकं फिरलं होतं, एका दगडापायी गेली. लोक मान डोलावतात. साहेबांनी काय केलं ते कुणी विचारत नाही. विचारलं तर सांगेन, असं मी रोज मनात म्हणते.

बाई आता काकाजीच्या दुकानात काम करते, मागच्या खोलीत राहते. पावसाळ्यात तिचा फोन आला होता. नाव सांगितलं नाही, कशी आहेस विचारलं नाही. म्हणाली, "उघडलं ताई. सारं उघडलं."

पण मला ती दिसते ती बस स्टँडवरच. त्या दिवशी नागपूरच्या गाडीची वाट पाहत आम्ही बाकावर बसलो होतो, ऊन पायापर्यंत आलं होतं. बाजूच्या म्हातारीने बरणीकडे बोट दाखवून विचारलं, "काय नेऊन राह्यली वो?"

"जीव हाये मावशी," बाई म्हणाली.

पाणी गरम झालं का ते पाहायला तिने झाकण उघडलं. "धर ताई." सगळ्या बांगड्या माझ्या ओंजळीत. तिने पाण्यात बोट बुडवलं, मान हलवली, झाकण लावलं. तेवढ्यात गाडी लागली. गर्दीत दोन्ही हातांनी बरणी छातीशी धरून ती चढली, खिडकीत बसली आणि खाली माझ्याकडे पाहिलं. मी ओंजळ वर केली. आवाज निघाला नाही.

तिने बांगड्या पाहिल्या. मग बरणीवरचा टॉवेल सरकला होता, तो ती नीट करू लागली. गाडी निघाली.