लाल दगड आणि निखत मॅडम

सन २०२४, हुरड्याचे दिवस. शेंद्र्याला कारखान्याची इमारत बांधत होतो. साइट संपली की सिमेंटच्या रिकाम्या गोण्या उरतात, तसे किस्से उरतात. गोण्या भंगारवाला नेतो. किस्से माझ्याकडेच पडून आहेत.

मी गवंडी. शाळा चौथी. या साइटवर सगळं काम यंत्रावर होतं. हजेरीसुद्धा! यंत्रापुढं तोंड धरायचं, यंत्र ओळखतं. मला ओळखेना. पडेगावचा भीमराव, सळई बांधणारा, म्हणाला, "मामा, फोटो काढला तवा तुमी हसला व्हता. आता हसा!"

"चाळीस वर्षं ठेकेदाराला हसून दाखवलं नाय. डब्याला दाखवू?"

सात दिवस गैरहजेरी लागली. आठव्या दिवशी नाव कटणार होतं. निखत मॅडम, खुलताबादची पोरगी, साइट इंजिनिअर. तिची स्वतःची नोकरी सहा महिन्यांच्या बोलीवर. तरी ऑफिसात जाऊन म्हणाली, "चाचा रोज माझ्याआधी येतात. माझ्या सहीवर हजेरी लावा."

लागली.  ते ऋण माझ्या अंगावर राहिलं.

*

दर सोमवारी ड्रोन उडायचं. पुण्याचे मोठे साहेब तिथं बसून फोटो पाहायचे. एकदा फोन आला, "मागच्या बाजूला रंगीत माल कसला पडलाय? नकाशात नाही!"

मॅडम म्हणाली, "सर, बायकांच्या साड्या वाळतायत."

"उचला आधी!"

माल वाहणाऱ्या काशीबाईला निरोप सांगितला. ती म्हणाली, "ओल्या हायेत. साहेबाला म्हणावं, घाई आसंल तर येऊन पिळून जा!"

*

मग डोळ्यांना बांधायचा चष्मा आला. घातला की न बांधलेली इमारत बांधलेली दिसते. भीमरावाने मोकळ्या रानात उभं राहून तो घातला. चार पावलं गेला, हात पुढं करून चाचपडायला लागला.

"मामा, मला भाईर काढा! दारच नाय इथं!"

सगळे हसले. मॅडमने टॅबवर नकाशा उघडून पाहिला. विजेच्या खोलीला दार काढायचंच राहिलं होतं!

*

आता दगडाचं. मॅडमने कोपऱ्यात एक दगड पुरून लाल रंगवला होता. सगळ्या उंच्या त्यावरून मोजायच्या, हे मला नंतर कळलं. कॉलम झाले. स्लॅबच्या आधी नारळ गवंड्याने फोडायचा, ही आमची रीत. मी फोडला.

दुसऱ्या दिवशी मोठे साहेब आले. यंत्र लावून त्या दगडावरून मोजलं. सगळे कॉलम अर्धा इंच वर!

साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, हे तोडायचे का आता? उद्यापासून येऊ नका."

 "सर, मी दोनदा मोजलं होतं," मॅडम म्हणाली.

मी पातळी बघायची पाण्याची नळी घेतली. जोत्यावरच्या जुन्या खुणेपासून एकेक कॉलम तपासला. सगळे बरोबर. मग लाल दगडाकडे गेलो. दगड खाली दबला होता. फटीत करवंटीचा तुकडा.

सगळी गँग बघत होती. माझ्या कामाला आजवर कुणी नाव ठेवलेलं नाही.

"साहेब, मॅडम बरोबर आहे. दगड दबला. नारळ मी फोडला त्याच्यावर."

"दगडावर? अहो, का?"

"लाल रंगवलेला. रोज सकाळी तुमची माणसं त्याच्यापुढं वाकूनच काम सुरू करतात. मला वाटलं, तुमचा देव आहे!"

भीमराव दुसरीकडे तोंड फिरवून हसला. साहेबांनी खाली वाकून करवंटी पाहिली. मग म्हणाले, "मॅडम, स्लॅब उद्या भरा."

ते गेल्यावर मॅडम म्हणाली, "चाचा, नवा दगड तुम्हीच बसवा."

बसवला. फिटलं.