दाजींनी आखलेला बाजार

बीड जिल्ह्यातली जमीन आयुष्यात एकाच माणसाला भ्याली असेल, आणि तो माणूस माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा आहे. पाटोद्यापासून कड्यापर्यंत असा एक बांध दाखवा, ज्यावरून आमचे दाजी चाललेले नाहीत. उभी नोकरी त्यांनी मोजणीदार म्हणून काढली. आधी साखळी होती, मग टेप आली, मग तीन पायांच्या तिकाटण्यावरचं यंत्र आलं. पण ही सगळी हत्यारं दाजींनी निव्वळ सरकारच्या समाधानासाठी वापरली. त्यांचं खरं माप म्हणजे त्यांचं पाऊल. "अडीच फूट. एक सूत इकडं न्हाई, एक सूत तिकडं न्हाई," असं ते सांगायचे, आणि तसं होतंही. दोन सख्खे भाऊ कुऱ्हाडी घेऊन बांधावर उभे असले तरी दाजी चालायला लागले की दोघंही मुकाट्याने मागे चालायचे आणि शेवटची टाच टेकेल तिथे दगड रोवायचे.

आमच्या अक्काला बघायला आले तेव्हाची गोष्ट आमच्या घरात अजून निघते. अक्का पोह्यांची बशी घेऊन आली, आणि हा गृहस्थ मुलीकडे बघायचं सोडून आमच्या परसातल्या भिंतीकडे बघत बसलेला. वडिलांनी विचारलं, काही विचारायचंय का मुलीला? दाजी म्हणाले, "तिला काय इचारायचं, ती बरी हाय. पर तुमची ही भिंत हातभर शेजाऱ्यात गेलीय." शेजारी नेमका ओसरीवरच बसला होता. पुढे लग्न ठरलं आणि भिंत पडली, दोन्ही एकाच महिन्यात. "पोरगं आपल्या तोंडावर खरं बोललं, ते हिला फसवायचं न्हाई," एवढ्या एका कारणावर वडिलांनी मुलगी दिली, आणि ती हातभर जागा गेल्याबद्दल मरेपर्यंत जावयाला टोमणे मारले.

लग्नकार्यात तर दाजींना आवरणं म्हणजे एक वेगळं काम असे. माझ्या धाकट्या भावाच्या लग्नात मांडवाला एक फेरी मारून ते आचाऱ्याला म्हणाले, "साठ पानं मांडू नका, चोपन्नच बसत्यात." आचारी हसला. पंगत बसली आणि सहा पाव्हणे भरल्या पत्रावळ्या हातात धरून खांबाला टेकून उभे राहिले. त्यात नवरीचे मामा होते. दुसरं कुणी असतं तर दिलगिरी दाखवली असती. दाजी त्या मामांना समजावत होते की मांडव तीन पावलं पूर्वेला सरकवला असता तर तुम्ही आत्ता जिलबीवर असता.

क्रिकेटच्या मैदानावर रेघा मारतात ती पांढरी फक्की दाजी कापडी पिशवीत घेऊन हिंडायचे, जसे लोक तंबाखू घेऊन हिंडतात. कुणी घर बांधायचं म्हटलं की हे हजर. "नकाशा ठिवा बाजूला," म्हणायचे. "कागदावर विहीरसुद्धा सपाट असती." आणि मग जमिनीवर खऱ्या मापाने अख्खं घर आखून द्यायचे, आणि घरच्या बाईला त्यात चालायला लावायचे. बाई चुलीपासून मोरीपर्यंत चालली की तिलाच कळायचं, कुठे अडचण आहे ते. अक्काचं मत मात्र वेगळं होतं. ती म्हणायची, "सगळ्या गावाच्या बायकांला इचारून घरं आखली. माझा ओटा तेवडा सोताच्या उंचीनं बांधला. म्हणून मी अजून खाली बसून भाकरी थापते."

आता मूळ भानगडीकडे येतो, कारण त्या भानगडीत माझं नुकसान झालेलं आहे आणि ते मी विसरलेलो नाही.

माझं भांड्यांचं दुकान. आमच्या गावच्या बाजारतळाला लागून पत्र्याचं शेड होतं. बाजारतळ म्हणजे मोकळं मैदान, मधोमध तीन लिंब, आणि सोमवारी आसपासच्या खेड्यांतून पाट्या घेऊन येणाऱ्या बाया. सकाळी आठला लिंबाखाली पोती अंथरली जायची, त्यावर वांगी, गवार, मेथी, लाल मिरच्यांचे ढीग. कुणाची जागा कुठली हे कुठेही लिहिलेलं नव्हतं आणि त्यावरून कधी भांडण झालेलं मला आठवत नाही. दाजींची आई याच तळावर मिरच्या विकायची. दाजी हे अभिमानाने सांगायचे, समोर कलेक्टर असला तरी सांगायचे. पावसाळ्यात तिथे चिखल व्हायचा, माझ्या पितळी घागरींवर चिखलाचे शिंतोडे उडायचे, आणि मी शिव्या देत बसायचो. आज त्या चिखलाचीही आठवण येते.

तर नगरपंचायतीने तिथे दुमजली व्यापारी संकुल बांधायचं ठरवलं. नकाशा भिंतीला चिकटवला. खाली दर्शनी गाळे, दहा-दहा फुटांचे, आणि भाजीबाजार वरच्या मजल्यावर. माझा गाळा कोपऱ्यावर, रस्त्याला तोंड करून. मी तर खूश. भांड्यांना काचेची कपाटं करायची, वर दिवे लावायचे, हे सगळं डोक्यात तयार होतं. गावात दोन तट पडले. आम्ही दुकानदार एका बाजूला. दुसऱ्या बाजूला खरं म्हणजे कुणीच नव्हतं, कारण त्या बाया आठवड्यातून एक दिवस येणार, त्यांना भिंतीवरचा कागद कोण वाचून दाखवणार? मग दुसऱ्या बाजूला आमचे दाजी जाऊन उभे राहिले.

हॉटेलात रोज वाद. मी म्हणायचो, "दाजी, गाव पुढं चाललंय."

"चालू द्या की मेव्हणे. पर जिन्यानं कामून?"

"सगळ्या शहरांत असंच असतंय आता."

"शहरातल्या बायांच्या डोक्यावर पंदरा किलोची पाटी असती का?"

मी म्हटलं, सवय होईल त्यांना. दाजींनी चहा बशीत ओतला, फुंकला, आणि म्हणाले, "सवय आपल्याला लई लवकर होती, दुसऱ्यानं चढायचं असलं की." हॉटेलातले चार लोक हसले. मी दोन दिवस त्या हॉटेलात गेलो नाही.

तिसऱ्या दिवशी ते घरी आले. "सोमवारी गच्ची मोकळी हाय का? पापड-बिपड न्हाईत ना?" माझं घर तळाच्या समोरच, वर गच्ची. मला वाटलं अक्काला कुरडया घालायच्या असतील. मी हो म्हटलं. तेवढ्या गाफीलपणाची किंमत मी अजून मोजतोय.

रविवारी संध्याकाळी दाजींनी फक्कीने अख्खं संकुल तळावर आखलं. चार पावलं, एक गाळा. चार पावलं, एक गाळा. सोमवारी सकाळी बाया आल्या तर त्यांच्या जागा रेघांत गेलेल्या. दाजी तिथेच उभे. "बायांनो, ही सगळी दुकानं. तुमचा बाजार वर." आणि त्यांनी बोट दाखवलं ते माझ्या गच्चीकडे. अकरा बाया पाट्या घेऊन माझ्या जिन्यातून वर गेल्या. माझी बायको तुळशीला पाणी घालत होती, तिच्या दोन्ही बाजूंनी गेल्या.

दुपारपर्यंत गच्चीवर झालेली विक्री सांगतो. माझ्या बायकोने भिडेखातर मेथीच्या दोन जुड्या घेतल्या. एक म्हातारबाबा काकड्या घ्यायला निघाले, मधल्या पायरीवर बसले, दोन तांबे पाणी प्यायले आणि तिथूनच परत गेले. पाटोद्याहून आलेले एक गुरुजी खालूनच ओरडून कांद्याचा भाव विचारत राहिले. आपखुशीने वरपर्यंत आलेलं गिऱ्हाईक एकच, शेजाऱ्यांची शेळी. तिने पालक उधारीवर खाल्ला. उन्हात मेथीने मान टाकली. बायको मला म्हणाली, "तुमच्या दाजींला सांगा, उद्या गुरांचा बाजारबी इथंच भरवा."

चार वाजता नगराध्यक्ष आणि तरुण इंजिनिअर साहेब आले, तोवर सगळं गाव जमलं होतं. दाजी त्यांना रेघांतून हिंडवत होते. जिना इथं, मोरी इथं, पाटी घेऊन वळायला जागा न्हाई इथं. आवाज चढला होता त्यांचा. साहेब पोरसवदा असले तरी शांत होते. त्यांनी खिशातून टेप काढली आणि एका गाळ्याला लावली. पुन्हा लावली. मग शेजारच्या गाळ्याला लावली.

"काका," ते म्हणाले, "नकाशात गाळा दहा फुटांचा आहे. तुम्ही आखलाय तो आठ फूट आठ इंच भरतोय. सगळेच तसे आहेत. सोळा इंच कमी."

आमच्या बाजूचे लोक हसले. खोटं कशाला सांगू, पहिला मी हसलो. काय बरं वाटलं मला त्या वेळी. मग दाजींकडे पाहिलं आणि हसू गिळलं. ते टेप हातात घेऊन वाकले होते. त्यांनी टाच शून्यावर ठेवली, नेहमीसारखं एक पाऊल टाकलं आणि चष्मा सारून आकडा वाचला. दोन फूट दोन इंच. परत टाकलं. परत तेवढंच. गुडघे धरल्यापासून चार बोटं पाऊल आखडलं होतं आणि हे त्यांना स्वतःला ठाऊक नव्हतं. ज्याच्या पावलावर दोन तालुक्यांनी दगड रोवले, तो माणूस भर बाजारात स्वतःचं पाऊल मोजत उभा होता.

"बरोबर हाय साहेब," दाजी म्हणाले. "टेप खोटं बोलत न्हाई. माझीच चूक हाय." आणि टेप नीट गुंडाळून परत दिली.

विषय तिथेच संपला असता. माझा कोपऱ्यावरचा गाळा जवळजवळ माझ्या हातात होता. पण मिरच्या विकणारी एक मावशी माझ्या जिन्यावरून खाली येत होती, पाटी कमरेवर घेऊन. ती तिथूनच म्हणाली, "गाळा केवडा बी असू द्या ओ साहेब. मी सकाळपासून ही पाटी घिऊन तीनदा वर चढले. गिऱ्हाईक एक बी न्हाई आलं. ते मोजा की तुमच्या टेपीनं."

कुणी हसलं नाही. तिच्यामागे बाकीच्या दहा जणी जिन्यात उभ्या होत्या. साहेबांनी जिन्याकडे पाहिलं, अध्यक्षांनी बायांकडे पाहिलं. या सगळ्या मतदार आहेत हे त्यांना वेगळं सांगावं लागलं नाही. महिनाभरात नकाशा बदलला. खालचा मजला मोकळा, बायांना बसायला बुटके ओटे, लिंबांतले दोन तसेच ठेवले. आणि दुकानं वर. पितळी घागर घेऊन बावीस पायऱ्या उतरणारं गिऱ्हाईक तुम्हीच शोधून द्या मला. मी दीड महिना दाजींशी बोललो नाही. अक्काने मध्ये पडून, आमटीत मीठ जास्त घालून, दोघांना एका ताटावर बसवलं आणि आम्ही दोघंही एका सुरात तिच्या आमटीला नावं ठेवू लागलो, तेव्हा कुठे बोलणं सुरू झालं.

पण त्या दिवसानंतर दाजींनी पाऊल मोजणं सोडलं. फक्कीची पिशवी अक्काने रांगोळीच्या डब्यात रिकामी केली तरी बोलले नाहीत. रस्त्यात कुणी पत्ता विचारला तर पूर्वी "इथून चारशे दहा पावलं, मग उजवीकडं" सांगणारा माणूस, आता "पुढं हाय, इचारा कुणाला बी" म्हणून मोकळा होतो. मला हे सहन होत नाही. एवढं आयुष्य त्यांची थट्टा केली, पण ते पुन्हा एकदा कुणाच्या तरी मांडवात शिरून पानं मोजायला लागतील तर मी स्वतः हातात पत्रावळी घेऊन उभा राहीन.

संकुल उभं राहून आता दोन पावसाळे झाले. दर सोमवारी दाजी येतात. बावीस पायऱ्या त्यांच्याने होत नाहीत, म्हणून खालीच त्या मिरचीवाल्या मावशीच्या ओट्यापाशी, तिने सरकवून दिलेल्या पोत्यावर बसतात. गेल्या सोमवारी मी दोन चहा घेऊन खाली उतरलो. सहज विचारलं, तुमची आई याच जागेवर बसायची का?

"इथंच कुठंतरी," ते म्हणाले. "तुमाला एक सांगू का मेव्हणे? तिला म्या उठवली."

मला कळलं नाही. ते मिरच्यांच्या ढिगाकडे बघत बोलत राहिले.

"नोकरी लागलती ना मला. साहेब झालतो. म्हणलं, आई, आता तू बाजारात बसायचं न्हाई, लोक काय म्हणतील. तिनं पोतं झटकलं, घडी घातली, उठली. त्याच्यानंतर मरेपस्तोर कदी बाजाराला आली न्हाई. भाजी घ्यायला बी न्हाई. म्या गावभर सांगत फिरलो, माझी आई मिरच्या इकायची. तिला उठवल्यालं तेवडं कुणाला सांगितलं न्हाई."

मला फार वाईट वाटलं. त्या गाळ्यापायी मी या माणसाशी दीड महिना अबोला धरला होता. मी चहा पुढे केला. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं आणि मावशी म्हणाली, "काका, जरा सरकून बसा." दाजी सरकले आणि त्यांच्या शेजारी थोडी जागा झाली. मी तिथे बसलो. वर दुकान उघडं होतं, पण मला उठावंसं वाटलं नाही.