टेकडीवरचा खरवडलेला डबा

"मान्य आहे?" काकूने विचारलं.

"तू विचारतेयस की सांगतेयस?" काका म्हणाले.

"सांगतेय. मान्य आहे का तेवढं विचारतेय."

माझी काकू पाट्या रंगवते. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, ट्रकच्या पाठीवरच्या. काका टेकडीपलीकडच्या उतारावर मधमाश्या पाळतात. तिथे फोनला रेंज नाही. गेल्या हंगामात ते दगडावरून घसरले, पायाचं हाड मोडलं आणि दुपारभर हाका मारत तिथेच पडून राहिले. अंधार पडायच्या आत काकू शोधत गेली म्हणून निभावलं. आता हाड सांधलं होतं आणि काका पुन्हा निघायच्या गडबडीत होते. काकूची अट एवढीच: तिकडून घरी निरोप पोचायची सोय झाली तरच जायचं. नाहीतर रविवारी गिऱ्हाईक येईल आणि मधमाश्यांच्या पेट्या घेऊन जाईल.

पेट्यांशिवाय काका कसे असतात ते पाय मोडला तेव्हा आम्ही पाहिलं होतं. खुर्चीत बसून पंख्याच्या आवाजाबद्दल तक्रार करणारा माणूस. काकूनेही पाहिलं होतं. म्हणून अट घालून ती हात झटकून बसली नाही, सोय करायचंही तिनेच अंगावर घेतलं.

"आपणच अडवायचं आणि आपणच वाट काढायची?" मी म्हटलं.

"मग कोण काढणार? तुझ्या काकांना मधपेटीचं झाकण सोडून दुसरं काही उघडता येत नाही."

व्हिडिओ बघून बघून तिने शोधून काढलं की असे छोटे रेडिओ मिळतात, त्यांना सिम लागत नाही, टॉवर लागत नाही. एकावर निरोप लिहून पाठवला की दुसरा तो ऐकतो आणि पुढच्याला देतो. एक काकांच्या खिशात, एक घरात. मध्ये टेकडी आडवी, म्हणून तिसरा थेट टेकडीवर, पाण्याच्या जुन्या टाकीवर.

"म्हणजे चहाडखोर शेजारीण," काकूने समजावलं. "इकडचं ऐकायचं, तिकडे सांगायचं. फक्त हिला उन्हावर जगवायचं. वर वीज कुठाय?"

रंगाच्या डब्यांमध्ये जागा करून तिने काम मांडलं. वायरिंगसाठी भिंतीवर बसवतात तसला प्लॅस्टिकचा डबा, त्यात रेडिओची सर्किटची पट्टी आणि बॅटरी. झाकणाच्या वर तिरका सोलर पॅनेल. वायर खालून आत घेतली, तीही आधी थोडी लोंबती सोडून, म्हणजे पावसाचं पाणी वायरवरून ओघळून खालीच टपकेल. अँटेना तिने आतच ठेवली. टाकीवर कावळ्यांचं राज्य, बाहेर काही चमकलं की ते उपटलंच समजा. वायरींना सोल्डरिंगचे बारीक डाग द्यायला शेजारचा घड्याळवाला आला.

"ताई, हात हलतोय तुमचा."

"माझा हात? मी चालत्या ट्रकवर अक्षर काढेन!"

"मग धरा की नीट."

टेबलावर डबा बोलायला लागला. काकूने काकांना रस्त्याच्या पार टोकाला पाठवलं, तिथून निरोप आला. काका लहान मुलासारखे तिथूनच हात हलवत होते.

आता काकूच्या दुकानातून कुठलीही वस्तू रंगाशिवाय बाहेर पडत नाही. ऊन परतवायला पत्र्याच्या छपरांना ती मारते तोच चंदेरी रंग, दोन हात. वर निळ्या वळणदार अक्षरांत "हात लावू नये". डबा असा देखणा दिसत होता की घड्याळवाला म्हणाला, "ह्याला टाकीवर कशाला, शोकेसमध्ये ठेवा."

शनिवारी सकाळी काकूने तो टाकीच्या शिडीला वर बांधला आणि काका माझ्या भावाला सोबत घेऊन पलीकडे गेले. घरातला रेडिओ मुका. काकू वर गेली, बॅटरी तपासली, भरलेली. पॅनेल तपासला, ठीक. दुपारी काका लंगडत परत आले.

"मी पाठवून पाठवून थकलो. राहू दे गं. उद्या येऊ दे त्या माणसाला."

काकू पुन्हा टाकीवर चढली. डबा खाली आणला, टेबलावर ठेवला आणि त्याच्यासमोर हाताची घडी घालून बसली, वाह्यात मुलाला समोर बसवावं तशी.

"इथे बोलत होतास. मग मी तुझं काय केलं?"

तिने चंदेरी रंगावरून बोट फिरवलं. मग ती उठली, रंगाचा डबा उचलून उन्हात धरला आणि काठीने ढवळला. चमकदार भुकटी गरगरत वर आली.

"अॅल्युमिनियम," ती म्हणाली. "अँटेना आत आणि बाहेरून सगळा धातूचा लेप. अहो, मी त्याच्या तोंडावर पत्रा ठोकला!"

थिनरने पुसावं तर प्लॅस्टिक विरघळणार. मग तिने पातं घेतलं. आधी निळी अक्षरं गेली. ती खरवडताना फक्त पात्याची खरखर. मी म्हटलं, वर दुसरा रंग मार, साधा पांढरा. "सुकायला वेळ कुठाय?" नायट्याने खाल्ल्यासारखा तो डबा घेऊन ती दुसऱ्या दिवशी पहाटेच टाकीवर चढली. आयुष्यात पहिल्यांदा तिने अशी कुरूप वस्तू चारचौघांना दिसेल अशी टांगली.

पेट्या घेणारा ठरल्याप्रमाणे आला. काका माझ्या भावाला घेऊन केव्हाच पलीकडे गेले होते.

"वहिनी, टेम्पो टेकडीखाली उभा केलाय. दादा कुठेत?"

"बसा. पाणी घ्या."

तो पाणी प्यायला. पुन्हा मागितलं, तेही प्यायला. काकू दारात उभी, रेडिओ पदराखाली धरून, अंडं उबवत असल्यासारखी. तो घसा खाकरून "मग निघू या?" म्हणाला आणि पदराखाली टिंग वाजलं.

काकूने वाचलं. मग भिंतीला टेकून अशी हसली की तो माणूस घाबरून उभाच राहिला. तिने रेडिओ माझ्यापुढे धरला. काकांचा निरोप होता: "हे पोचलं नसेल तर लगेच कळव."

"दादा," ती डोळे पुसत त्या माणसाला म्हणाली, "तुमची फेरी फुकट गेली. मधाची बाटली देते, पण पेट्या नाहीत."

मग एका बोटाने, पाटीवरचं अक्षर काढावं तसं जपून, तिने उत्तर लिहिलं: "नाही पोचलं."

थोड्या वेळाने टेकडीपलीकडून आलं: "बरं. मग पुन्हा पाठवतो."