राक्षसाचा पूल
साल दोन हजार एकोणीस, तेव्हा माझं वय अडुसष्ट. परवा गादीखाली नातीचा वीस बाजूंचा फासा सापडला, म्हणून तेव्हाचा तो खेळ आठवला. रविवारची दुपार, निगडीचं घर, ताटात ओली भेळ आणि नातीचे तीन दोस्त. एकजण गोष्ट सांगायचा, बाकीचे त्यातली माणसं व्हायचे, जगणं-मरणं फासा ठरवायचा. त्या दिवशी त्यांच्या आणखी एका भिडूला चाकणला शिफ्ट लागली, म्हणून त्याचा तलवारवाला मी झालो. पुलावर राक्षस बसलेला, शेजारी पलीकडं निघणारी अंधारी गुहा. नात वैदीण झालेली. ती म्हणाली, "आधी त्याच्याशी बोलू." मी म्हणालो, "राक्षसापुढं हात जोडू? न्हाई जमणार. गुहेत घुसायचं." "आजोबा, दमानं घ्या राव," पोरं हसली. मी घुसलोच. मला वाचवायला वैदीण मागं आली, फाशावर सगळ्यात वाईट आकडा, एक, पडला आणि खेळातली ती वैदीण मेली. वैदिणीची सगळी माहिती लिहून दोन वर्षं जपलेला कागद नातीनं घडी करून ठेवला. डोळे भरलेले. "म्हटलं होतं ना, आधी बोलू." पूर्वी आमच्या संपात कंपनीच्या गेटवर माझा कामावरचा जोडीदारही मालकाबद्दल हेच म्हणाला होता. मी त्याला सगळ्यांसमोर मालकाचा चमचा म्हणालो, बोलणी मोडली, पुढं कंपनी बंद पडली. तो मरेपर्यंत मी त्याच्याशी बोललो नाही. माझा हेका अजून गेलेला नाही, पण त्या खेळाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी संत तुकाराम नगरला त्याच्या घरी गेलो. त्याच्या बायकोला म्हणालो, "वहिनी, तेव्हा त्याचंच बरोबर होतं." ती म्हणाली, "भाऊजी, हे त्यांना ऐकायचं होतं." मग मी त्याच्या फोटोपुढं हात जोडले.